कठड्याबाहेरचं वाचन

माझे वडील मिशनमध्ये उपदेशक होते. मुलांना प्रार्थना शिकवायच्या, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, कुणी गेलं की फादरांच्या आधी त्या घरी पोचायचं आणि रविवारी देवळात वाचन करायचं, हे त्यांचं काम. मेहकर तालुक्यातलं आमचं गाव लहान होतं. बाजाराला डोणगावला जावं लागे. गावाबाहेर ओढ्याच्या अलीकडे आमची वस्ती होती आणि पलीकडे दोर वळणाऱ्यांची. दोन्ही वस्त्या आजोबांच्या पिढीत ख्रिस्ती झालेल्या. मिशनचं देऊळ, शाळा आणि सिस्टरांचा दवाखाना ओढ्याच्या काठालाच होता, दोघांनाही सारखाच जवळ.

गावातल्या शेतकऱ्यांच्या विहिरीवर आम्हाला पाय ठेवता येत नसे. त्याबद्दल वडील फार कडवट बोलायचे. येशूच्या दारात कुणी वरचा नाही, कुणी खालचा नाही, असं ते आम्हा मुलांना सांगायचे आणि ते त्यांना मनापासून वाटायचं. पण त्याच देवळात आमची माणसं पुढं बसत आणि दोर वळणारे मागं, दाराजवळ. असा नियम कुणी केलेला नव्हता, निदान कुणी बोलून दाखवलेला नव्हता. कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायला आधी आम्ही उठायचो. आमच्यातला शेवटचा माणूस जागेवर येऊन बसला की मग ते उठायचे. लहानपणी मला वाटायचं, ते उशिरा येतात म्हणून त्यांना मागं बसावं लागतं. ते आमच्या आधी येऊन बसलेले असत, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली.

माझी मैत्रीण त्या वस्तीतली. मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो आणि पुढं सिस्टरांच्या बोर्डिंगमध्ये मॅट्रिकपर्यंत एका खोलीत. तिचे वडील लग्नात वाजंत्री वाजवायचे, आई अंबाडीचे दोर वळायची. मैत्रिणीचं वाचन ऐकावं असं होतं. ती घाई करत नसे. बोर्डिंगच्या जेवणघरात संतांची चरित्रं मोठ्यानं वाचायचं काम नेहमी तिच्याकडं असे आणि ती वाचू लागली की आमचे हात ताटात थांबायचे. मी तिच्यासारखं वाचायचा प्रयत्न करायचे. मला ते जमत नसे. हे इथंच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात ह्याचाही भाग होता.

आम्ही मॅट्रिक होऊन घरी आलो तेव्हा देवळात बरंच बदललं होतं. लॅटिन गेलं होतं, मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, मराठीत आली होती आणि फादर आमच्याकडं तोंड करून उभे राहात होते. म्हाताऱ्यांना ते आवडलं नव्हतं. त्याच सुमारास दवाखान्यात केरळातून एक तरुण सिस्टर आल्या. त्या मराठी पहिलीच्या पुस्तकावरून शिकल्या होत्या. "तू काऊन रडून राह्यली?" असं आम्ही म्हणायचो तिथं त्या "तू का बरे रडतेस?" म्हणायच्या आणि पोरं हसायची. त्याही हसायच्या. त्यांनी रविवारी दुपारी दवाखान्याच्या ओसरीवर आम्हा तरुणांना जमवायला सुरुवात केली. आम्ही सात मुली होतो, चार मुलगे. एकानं शुभवर्तमानातला एक भाग वाचायचा आणि मग ज्याला जे वाटेल ते त्यानं बोलायचं. वाटेल ते बोलायचं, हे आमच्यासाठी नवीन होतं. त्याआधी आम्हाला प्रश्न यायचे आणि त्यांची उत्तरं पाठ असायची.

एका रविवारी विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट निघाली. शोमरोन्यांच्या हातचं यहुदी पीत नसत, तरी येशू तिच्याजवळ पाणी मागतो आणि तिला नवल वाटतं की हा माझ्या हातचं कसं पिणार. मुलग्यांपैकी एकानं नेहमीचं सांगितलं, हे पाणी म्हणजे कृपा. मग मैत्रीण म्हणाली, "कृपा नंतर. त्यानं आधी खरंखुरं पानी मांगतलं. आमच्या हातचं पानी तुमच्यातलं कोन पेते?"

मला आमच्या घरातला कोनाडा आठवला. त्यात एक ॲल्युमिनियमचा पेला वेगळा ठेवलेला असे. मैत्रीण आली की माझी आई तिला त्याच पेल्यातून पाणी द्यायची, प्रेमानं द्यायची, आणि ती तो स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवायची. दहा वर्षं मी ते बघत होते.

सिस्टरांनी त्यावर उपदेश केला नाही. पुढच्या रविवारपासून ओसरीवर प्यायचं पाणी आळीपाळीनं एकेकानं आपल्या घरून आणायचं, एवढंच त्यांनी ठरवलं. पहिली पाळी मैत्रिणीची आली. तिनं घासूनपुसून लखलखीत केलेली कळशी आणली. सिस्टर प्यायल्या. मी प्यायले. पाणी जरा मचूळ होतं, कारण त्यांची विहीर ओढ्याच्या खालच्या अंगाला होती. आमच्या वस्तीतल्या दोन मुलग्यांनी तहान नाही म्हणून सांगितलं आणि नंतर ते यायचेच बंद झाले. मला त्या दिवशी फार मोठं काही केल्यासारखं वाटलं. घरी मात्र मी सांगितलं नाही.

मग एकदा ईस्टरच्या सकाळची गोष्ट वाचली. रिकामी कबर आधी बाईनं पाहिली आणि शिष्यांना निरोपही तिनंच नेला. मैत्रिणीनं विचारलं, पहिला निरोप बाईनं सांगितला तर देवळात बाईनं वाचलेलं काऊन चालत नाही? आम्ही मुली दर शनिवारी वेदीपुढच्या कठड्याच्या आत जाऊन वेदीभोवती झाडायचो, पायऱ्या पुसायचो, फुलं ठेवायचो. रविवारी मात्र आमच्यापैकी कुणीही त्या कठड्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. झाडूसकट चालतं आणि पुस्तकासकट नाही, असं ती म्हणाली. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांच्या गावी त्यांच्या आईनंही हेच विचारलं होतं आणि तिला गप्प बसवलं होतं, असं त्यांनी सांगितलं.

सिस्टर फादरांकडं गेल्या. फादर गोव्याकडचे, साठीच्या पुढचे, स्वभावानं मऊ होते. त्यांनी बिशपांच्या कचेरीत पत्र पाठवलं. दीड महिन्यानं उत्तर आलं की आता बाईनं वाचायला हरकत नाही, मात्र तिनं कठड्याबाहेर उभं राहून वाचावं. आम्ही सगळ्या त्यावर चिडलो, पण आनंदही झाला. येत्या ईस्टरला सुरुवात करायची ठरली आणि कोण वाचणार ह्याची चर्चासुद्धा झाली नाही. मैत्रीणच वाचणार होती.

तिनं चाळीस दिवस तयारी केली. ईस्टरचं पहिलं वाचन पेत्राच्या भाषणाचं होतं. येशूचा शिष्य पेत्र एका परक्याच्या घरी जातो, ज्याच्या पंगतीला त्याच्या जातीची माणसं बसत नसत, आणि तिथं बोलतो. मैत्रिणीनं फादरांचं वाचनाचं छापील पुस्तक आणि घरचं पवित्र पुस्तक शेजारी ठेवून पाहिलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की छापील वाचनात दोन ओळी नाहीतच. पेत्र तोंड उघडून बोलू लागला असं येतं आणि लगेच पुढचा भाग सुरू होतो. गाळलेल्या ओळींत पेत्र म्हणतो की देवाजवळ भेदभाव नाही हे मला आता कळलं. सिस्टरांनी सांगितलं की वाचन फार लांबू नये म्हणून कुठं कुठं असं कापतात.

"दोन ओळीनं किती लांबते?" मैत्रीण म्हणाली. तिनं सगळा उतारा मधल्या ओळींसकट एका कागदावर आपल्या गोल अक्षरात उतरवून घेतला. आपण कागदावरून वाचणार, असं तिनं मला एकटीला सांगितलं.

पवित्र आठवड्यात, बुधवारी संध्याकाळी, आमच्या वस्तीतली पाच-सहा जाणती माणसं घरी आली. मी आत भाकरी करत होते. ती आरडाओरडा करायला आली नव्हती. शांतपणे बोलत होती. पोरीनं वाचायला त्यांची ना नव्हती, काळ बदलतो आहे. पण त्या वस्तीतल्या पोरीनं देवाचा शब्द वाचायचा आणि आपण बसून ऐकायचं, तिनं वाचन संपवलं की आपण 'देवाला धन्यवाद' असं उत्तर द्यायचं, हे कसं होणार? तसं असेल तर ईस्टरला देवळात कुणी येणार नाही. वडील बराच वेळ ऐकत राहिले. मला वाटलं, आता ते बोलतील. येशूच्या दारात कुणी वरचा नाही, हे ते म्हणतील म्हणून मी तव्यावरची भाकरी विसरून उभी होते. ते म्हणाले, मी फादरांशी बोलतो.

शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची प्रार्थना झाल्यावर त्यांनी मला देवळाच्या बाजूला घेतलं. फादरांनी विचार केला आहे आणि ईस्टरचं वाचन मी करायचं आहे, असं सांगितलं.

मी म्हटलं, "ते तिचं वाचन हाये, बाबा. तिनं सगळी तयारी केली."

"मले मालूम हाये," ते म्हणाले. "पन तू नाही वाचलं तं कोनीच नाही वाचनार. फादर म्हनतात, मंग तुमीच वाचा पहिल्यासारखं. बायांसाठी एकदा दार उघडून राह्यलं. ते तुह्या हातानं बंद करतं का?"

तो मुद्दा बिनतोड होता. मी त्यावर विचार केला असं मी पुढं अनेकांना सांगितलं आहे. आधी एक बाई वाचू दे, मग दुसरी वाचेल, मग त्यांचीही पाळी येईल, असा. पण तिथं देवळाच्या भिंतीशी उभी असताना मी त्यातलं काहीच मनात आणलं नव्हतं. मला वाचायचं होतं. सगळ्या गावासमोर उभं राहून, नीट नेसून, मला वाचायचं होतं, आणि ते माझ्याकडं चालून आलं होतं. मी हो म्हटलं.

मैत्रिणीला जाऊन सांगायला माझ्याकडं अख्खा शनिवार होता. ओढा ओलांडला की तिचं घर. मी देऊळ झाडलं, फुलं बांधली, आईला फराळाचं करू लागले. सिस्टर सांगतील, असं मनाशी म्हणत राहिले. सिस्टरांना वाटलं, मी सांगेन. निदान तेव्हा त्या तसं म्हणाल्या.

ईस्टरच्या सकाळी देऊळ भरलं होतं. मैत्रीण आपल्या आईबरोबर मागं बसली होती. तिनं पांढरी, बारीक निळ्या काठाची सुती साडी नेसली होती. तिचे वडील सहसा देवळात यायचे नाहीत, तेही भिंतीला टेकून उभे होते. फादरांनी सुरुवातीची प्रार्थना म्हटली आणि सगळे खाली बसले. वाचनाची वेळ झाली. मी पुढच्या रांगेतून उठले. मागून ती उठली.

मधल्या वाटेनं ती कठड्यापर्यंत आली तेव्हा मी तिथं पोचलेली होते. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग फादरांकडं. फादरांनी मला मानेनं खूण केली. मैत्रिणीला तेव्हा समजलं. तिचा चेहरा फार काही बदलला नाही. ती हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "तू सांगाले पाह्यजे होतं." आणि तिनं हातातला कागद माझ्या हातात दिला. मग ती वळली आणि मागं जाऊन आईशेजारी बसली. तिनं मला तो कागद का दिला, हे मला त्या वेळीही कळत होतं. मी वाचणारच असेन तर निदान पूर्ण वाचावं.

माझ्या समोर छापील पुस्तक उघडं होतं. त्यावर मी तिचा कागद ठेवला. मग तो बाजूला सरकवला आणि छापील वाचन वाचलं. माझा आवाज चांगला लागला होता. शेवटी सगळ्यांनी उत्तर दिलं. मागूनही दिलं, दोर वळणाऱ्यांनीही, कारण सवय होती. तिनं दिलं की नाही ते मला माहीत नाही. मी मागं पाहिलं नाही.

मिस्सा झाल्यावर आमच्या वस्तीतल्या बाया माझ्याभोवती गोळा झाल्या. एका म्हातारीनं माझी दृष्ट काढली. वडिलांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी वळून पाहिलं तेव्हा मागची जागा रिकामी झाली होती.

ओसरीवरची रविवारची बैठक त्यानंतर दोनदा भरली. दोन्ही वेळी ती आली नाही. पावसाळा लागायच्या आत सिस्टरांची बदली झाली, लांब, आंध्रात कुठंतरी. जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना भेटायला गेले. त्या औषधाच्या बाटल्या पुसून खोक्यात भरत होत्या. आपल्याला शनिवारी सकाळीच फादरांनी सांगितलं होतं, असं त्यांनी कबूल केलं. आज्ञा पाळण्याची शपथ घेतलेली असल्यामुळं त्या बोलल्या नाहीत. "तुला मी दोष देणार नाही," त्या त्यांच्या पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "कारण मग मला स्वतःलाही द्यावा लागेल." मला वाटलं होतं, त्या मला रागावतील. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोर वळणाऱ्यांची वस्ती पाच-सहा महिने देवळात आली नाही. मग हळूहळू पुरुष यायला लागले, कारण मुलांचे दाखले, दवाखाना, शाळा सगळं मिशनशी जोडलेलं होतं. नाताळपर्यंत जवळजवळ सगळे परत आले आणि होते तिथंच बसले, मागं. मैत्रीण आली नाही. ती रविवारी आपल्या अंगणात बायांना जमवते, अशी बातमी होती. बाया दोर वळत बसतात आणि ती वाचते. पिंपळगाव राजा या गावी दिलेली तिची मावसबहीण पोराबाळांसकट आली होती, तीही बसली. देवाला बाप म्हणतो तसं माय पण म्हणायचं, असं ती शिकवते, हेही फादरांच्या कानावर गेलं. त्यांनी वडिलांना विचारलं. वडिलांनी मला पाठवलं. बायांची गोष्ट, बाईनंच पाहून यावं.

मी गेले. दहा-बारा बाया होत्या. मैत्रिणीनं मला पाहिलं आणि बसायला गोणपाट सरकवलं, जसं कुणालाही सरकवलं असतं. त्या दिवशी रक्तस्राव होणाऱ्या बाईची गोष्ट होती, जी गर्दीतून येऊन येशूच्या कपड्याला हात लावते. मैत्रिणीनं वाचलं आणि विचारलं, बारा वर्षं तिला कुणी शिवत नव्हतं, मग ती जेवायची कुठं? बाया बोलू लागल्या. देवळात मी कधी त्या बायांचा आवाज ऐकला नव्हता. एकीनं नवऱ्यानं घराबाहेर काढल्याचं सांगितलं, एकीनं बाळंतपणात एकटी पडल्याचं. मग एक म्हातारी म्हणाली, माये, आमच्याकडं पाह्य. एवढीच प्रार्थना झाली. शेवटी ज्वारीच्या भाकरीचे तुकडे फिरले आणि पाणी. मलाही दिलं, मी खाल्लं. इतकी खरी प्रार्थना मी त्याआधी पाहिली नव्हती.

घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, काय करतात? मी म्हटलं, वाचतात, बोलतात, भाकर वाटून खातात. मी काही खोटं सांगितलं नाही. भाकर वाटण्याचं सांगितलं नसतं तरी चाललं असतं, हे मला सांगतानाही माहीत होतं.

पुढच्या रविवारी फादरांनी वेदीवरून सांगितलं की काही ठिकाणी बायका आपल्याच हातानं संस्कार करू लागल्या आहेत आणि तिथं जाणाऱ्यांना कम्युनियन मिळणार नाही. कुणाचं नाव घेतलं नाही. पुढच्या जूनमध्ये मिशनच्या शाळेत शिक्षिकेची जागा निघाली. मॅट्रिक झालेल्या आम्ही दोघीच होतो. जागा मला मिळाली. तिचं लग्न त्या उन्हाळ्यातच लोणारकडं, बीबीजवळच्या एका खेड्यात ठरवून टाकलं होतं. मी लग्नाला गेले नाही. मला बोलावणं नव्हतं.

मी अडतीस वर्षं शिकवलं आणि तेवढीच वर्षं वाचलं. काही वर्षांनी कठडा काढून टाकला आणि बाया आत उभ्या राहून वाचू लागल्या. मी त्यातली पहिली, म्हणून माझा दोनदा सत्कार झाला. दोर वळणाऱ्यांच्या वस्तीतल्या एका मुलीनं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी निवृत्तीला आले होते. तिनं वाचलं त्या दिवशी आमच्यातली तीन घरं आली नाहीत.

निवृत्तीनंतर मी एकदा बीबीला उतरून तिचं गाव शोधत गेले. ती अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. केस पांढरे झाले होते, आवाज तसाच होता. तिनं मला ओळखलं. चहा केला, सुनांना बोलावून माझी शाळेतली मैत्रीण म्हणून ओळख करून दिली. तिच्या गावात ख्रिस्ती घर तेवढं एकच. ती अजून वाचायची, शेजारच्या बाया येऊन बसायच्या, कुठल्याही जातीच्या. कुणीतरी दारू पिऊन बायकोला मारलं तर ह्या सगळ्या जाऊन त्याच्या दारात बसायच्या. मी जे बोलायला आले होते ते बोलले. ईस्टरचं सांगितलं, भाकरीचं सांगितलं, नोकरीचं सांगितलं. ती शेंगा फोडत ऐकत होती.

"मले हे सगळं माहीत होतं," ती म्हणाली. "भाकरीचं बी. तुह्याशिवाय बाहेरचं कोन आलं होतं?"

मी म्हटलं, मला क्षमा कर.

"तुले बोलून हलकं वाटत असन तं बोल," ती म्हणाली. "मले नाही वाटत." ते तिनं रागानं म्हटलं नाही. मग तिनं सुनेला हाक मारली आणि मेहकरची गाडी किती वाजता आहे ते विचारलं, माझ्यासाठी. गाडीला वेळ होता. तेवढा वेळ आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो, आणि मग मी निघाले.